पेडल खोल जातं

२ फेब्रुवारी

चि. चिमणीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वर्कशॉपच्या दारात उभं राहूनच वाचलं. घरी नेलं असतं तर तुझ्या वहिनीने आधी वाचलं असतं, आणि मग त्यातलं तिला सोयीचं असेल तेवढंच माझ्यापर्यंत आलं असतं. कान कसा आहे म्हणून विचारतेस. कान आहे तिथेच आहे, ऐकायचं काम मात्र त्याने सोडलंय. पस्तीस वर्षं हातोड्यांच्या ठणठणाटात काढल्यावर त्याने तरी किती ऐकायचं? परवा तुझा फोन आला तेव्हा मी म्हणे तीनदा राँग नंबर आहे असं सांगून ठेवून दिला. रागावू नकोस, पत्रच लिहीत जा. कागद मला स्पष्ट ऐकू येतो.

हे पत्र गवयाच्या हाती देतोय. सोमवारी तो आमची सात नंबरची बस घेऊन तुमच्याकडे पासिंगला येतोय. कंपनीतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. गाडी चालवताना गातो म्हणून गवई. आवाज कसा आहे ते प्रवाशांना विचार, मी सुदैवी माणूस आहे. त्याला रांगेत फार तिष्ठत ठेवू नकोस आणि साहेबी आवाजात दरडावू नकोस, भित्रा आहे तो.

गाडीची काळजी करू नकोस. या नव्या गाड्यांना स्वतःच आवळणारे ब्रेक आलेत. आतली पट्टी झिजली की यंत्र आपणहून तेवढं आवळून घेतं म्हणे. माणसाचा हात न लागता नीट झालेली एक तरी वस्तू मला दाखव. गवई महिनाभर एकच रडगाणं गातोय, पेडल खोल जातं, पेडल खोल जातं. शेवटी शनिवारी मीच गाडीखाली शिरलो, चारही चाकांचे ब्रेक पान्याने आवळले आणि बोल्टच्या डोक्यावर नेहमीसारखा खडूचा ठिपका दिला. आता पेडल असं दगडासारखं लागतंय. ज्या पोरीला मी मोजायच्या फितीचं टोक धरायला शिकवलं, ती आता माझ्या गाड्या तपासणार! तपास बाई, हवं तितकं तपास.

वहिनी म्हणते, जेवण वेळेवर घेत जा. मी म्हणतो, ती सांगते ते ऐक, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही.

जीव आहे तसाच लावत राहा.

तुझा दादा

•

६ फेब्रुवारी

ती. दादास,

चिमणीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझी सात नंबर पास झाली. शिक्का मीच मारला, तेव्हा आता छाती किती इंच फुगली ते वहिनीकडून मोजून घे आणि कळव.

आमच्या कचेरीचं वर्णन मागितलं होतंस. तर ऐक. एक पत्र्याची मोठी शेड, तिच्या मधोमध गाडीखाली उतरून बघायचा खड्डा, आणि खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी. उपसायचा पंप पंधरा दिवस बंद आहे. त्यासाठी अर्ज केला, तर पंप चालू नसल्याचा दाखला जोडा म्हणाले. आम्ही तीन तपासनीस. एकाच्या पाठीत उसण भरलीय, तो घरी. उरलो मी आणि आमचा चष्मेवाला. सोमवारी बेचाळीस गाड्या होत्या, त्यात निम्मे ट्रक. रांग फाटकाबाहेर वळणापर्यंत गेलेली.

खरं सांगू का? सात नंबरच्या वेळी मी खड्ड्यात उतरलेच नाही. पेडल दाबल्यावर प्रत्येक चाकाचा दांडा किती बाहेर येतो ते फितीने मोजायचं असतं, हे तुला मी काय सांगावं. फीत काढलीही होती. पण काठावरून बॅटरीचा झोत टाकला, तर तुझा खडूचा ठिपका दिसला, आणि आजूबाजूचं लोखंड पान्याने चकचकीत झालेलं. मला हसू आलं. फीत परत खिशात ठेवली, चार रकान्यांत चार आकडे भरले. चष्मेवाल्याने विचारलं की न मोजता कसे भरलेस. मी म्हटलं, ज्याने मला मोजायला शिकवलं त्याचं काम मी काय मोजू? त्याने भुवया उंचावल्या. त्याला तुझ्यासारखा दादा नाही, त्याला काय कळणार.

गवई मात्र जाताना खिडकीशी घुटमळत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं. पण मागून ट्रकवाल्यांनी हॉर्नचा असा कल्लोळ केला की मी त्याला हातानेच पुढे जा म्हणून खुणावलं. गाण्याचं काही असेल. पुढच्या खेपेला निवांत ऐकेन म्हणावं.

मी वेळेवर जेवते. निदान वहिनीला तसं सांग.

तुझी लाडकी आणि थोडी भाव खाणारी,
चिमणी

•

१ मार्च

चि. चिमणीस,

दादाचे आशीर्वाद, आणि वहिनीचे वेगळे, कारण माझ्यात मिसळलेले तिला चालत नाहीत.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्याने मला मोजायला शिकवलं ते वाक्य दोनदा वाचलं. बाकीचे फिटर जळाले. जळू देत.

वहिनीला नवा चष्मा लागला. आता तिला घरातली धूळ दिसते, म्हणजे माझी सुट्टी गेली. बाकी ठीक.

गवई पुन्हा आला होता. त्याचं तेच, पेडल खोल जातं. या वेळीही तक्रारवहीत लाल शाईने लिहून आला. चाकाचा ड्रम उघडून आत बघा म्हणत होता. ड्रम उघडायचा म्हणजे गाडी दोन दिवस उभी, आणि मॅनेजर एक फेरी सोडायला तयार नाही. मी खाली शिरलो, पुन्हा आवळले, वहीत खाली ‘आवळले’ असं लिहून सही केली. मध्ये एकदा आवळले होते, ही तिसरी वेळ. त्याला म्हटलं, गड्या, पासिंग होऊन महिना झाला नाही, माझ्या बहिणीची सही आहे कागदावर. म्हातारा तुझा पाय झालाय, ब्रेक नव्हे. सगळे हसले. तोही हसला.

कळावे, आणि कळल्यावर उत्तर धाडावे.

दादा

•

२१ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुला बातमी कळलीच असेल. परवा सकाळी सात नंबर मोठ्या उतारावरून खाली येताना थांबलीच नाही. गवयाने तिसऱ्या वळणावर ती डोंगराच्या अंगाला घासत नेली आणि खडीच्या ढिगात घुसवली. दरीच्या बाजूला गेली असती तर एकही वाचला नसता. अकरा जण जखमी. गवयाचा उजवा पाय मांडीपासून मोडलाय. आणि पुढच्या बाकावरची एक बाई गेली. सरकारी दवाखान्यात नर्स होती, रात्रपाळी संपवून माहेरी निघाली होती.

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

सगळे म्हणतात, गवई गात होता, गाडी वेगात होती. मला त्याचा एवढा संताप आलाय की सांगता येत नाही. ब्रेक माझ्या हातचे होते. तीन वेळा आवळलेले. चौकशी लागली आहे. मॅनेजर म्हणतो, पासिंगच्या कागदाची शिक्क्यानिशी नक्कल आली की प्रश्न मिटला. गाडी निर्दोष होती हे सिद्ध होतं, मग राहतो फक्त ड्रायव्हर. त्याच्यावर खटला होईल, परवाना तर कायमचा जाईल. मला वाईट वाटतं, पण ज्याने त्याने आपलं भोगावं.

नक्कल तेवढी लगेच पाठव.

दादा

•

२५ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि.

नक्कल पाठवत नाहीये. का ते सांगते, शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालू नकोस.

बातमी आली त्या दिवशी मी कपाटातून तो कागद काढला. चार चाकं, चार आकडे, चारही अगदी एकसारखे. मोजलेले आकडे असे कधी येत नाहीत, हे तूच मला शिकवलंस. एखादं चाक थोडं मागे, एखादं पुढे असतंच. ते आकडे माझ्या मनातले आहेत. या खोट्या कागदावर गवयाला तुरुंगात पाठवायचं?

आणि दुसरं. गाडी बनवणाऱ्यांचं जाड पुस्तक आमच्या कपाटात धूळ खात होतं. ते बसून वाचलं. त्यात चौकट घालून ठळक अक्षरांत छापलंय की स्वतः आवळणारा ब्रेक ढिला पडला तर तो पान्याने आवळू नये. तो ढिला पडतो याचाच अर्थ आत काहीतरी मोडलंय किंवा झिजलंय. वरून आवळलं की दोनचार दिवस पेडल घट्ट लागतं, आतला रोग तसाच राहतो आणि दिसेनासा होतो. सपाट रस्त्यावर चालून जातं. लांब उतारावर ड्रम तापतात, फुगतात, दांड्याला आणखी पुढे यावं लागतं, आणि पुढे यायला जागाच उरलेली नसते.

दादा, जुन्या गाड्यांना तुझा पाना हे औषध होतं. या गाडीला तो पांघरूण झाला. आणि मी ते पांघरूण उचलून पाहिलं नाही. पान्याने चकचकीत झालेलं लोखंड मला दिसलं होतं. दुसऱ्या कुणाच्या वर्कशॉपची गाडी असती तर मी विचारलं असतं, याला पाना का लागला? तुझा ठिपका होता म्हणून मी हसले.

गवई खिडकीशी काय सांगायला थांबला होता ते आता मला कळतंय. चार दिवस मला जेवण जात नाही.

माझं ६ फेब्रुवारीचं पत्र तुझ्याकडे आहे. ते जपून ठेव.

तुझी
चिमणी

•

२९ मार्च

माननीय तपासनीस साहेबांस,

स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. ब्रेक म्हणजे काय हे आपल्याकडून शिकायची वेळ माझ्यावर आली, हेही नसे थोडके.

मी या हातांनी हजारो गाड्या उतारावरून खाली पाठवल्या. एकीचाही ब्रेक गेला नाही. वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत तू जुन्या टायरवर बसून गणितं सोडवायचीस, तेव्हा त्या पुस्तकवाल्यांचा पत्ता नव्हता. त्याच हातांच्या कमाईवर तू शिकलीस. हे काढायचं नव्हतं, पण तू काढायला लावलंस.

व्यवहाराने विचार कर. तू खरं बोललीस तर तुझी नोकरी जाईल. माझं नाव मातीला मिळेल. इतकं करून ती बाई परत येणार आहे का? गवई तसाही पुन्हा गाडी चालवण्याजोगा राहिलेला नाही. त्याच्या डोक्यावर पडलं तर एकाच्याच डोक्यावर पडेल.

तुझं ते पत्र मी फाडून टाकलं. बारीक तुकडे केले. तुझ्यावर काही यायला नको म्हणून केलं, हे तरी लक्षात ठेव.

नक्कल पाठव.

तुझ्या वहिनीचा नवरा

•

२ एप्रिल

ती. दादास,

चिमणीचा नमस्कार. तू कसाही मायना लिहिलास तरी मी हाच लिहिणार.

पत्र फाडून उपयोग नाही. काल मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे जाऊन लेखी दिलं की मी खड्ड्यात उतरले नाही, दांडे मोजले नाहीत, आकडे मनाने भरले. त्यांनी मला पुन्हा वाचून सही करायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं आणि सही केली. चष्मेवाला दाराबाहेर उभा होता. त्याने मला पाण्याचा पेला दिला. मला घरी बसायचा हुकूम मिळाला आहे.

तुझ्याबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही. न मोजता का सोडली असं त्यांनी विचारलं, तर गर्दी होती म्हणून सांगितलं. तेही खोटंच, अर्धं. पण उरलेलं अर्धं माझं नाही, तुझं आहे. ते माझ्या तोंडून आलं तर ती चहाडी होईल, तुझ्या तोंडून आलं तर साक्ष होईल. माझ्या एकटीच्या सांगण्याने गवई सुटत नाही. मोजलं नाही याचा अर्थ ब्रेक खराब होते असा होत नाही, असं कंपनीचा वकील म्हणतोच आहे.

अधिकारी १० तारखेला तुमच्या वर्कशॉपात येणार आहेत. त्याआधी एकदा गाडी बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पुस्तकावरही ठेवू नकोस. तुझे डोळे अजून चांगले आहेत.

तू माझ्या शिक्षणाचं काढलंस. बरोबर आहे. ते शिक्षण तुझंच आहे, म्हणूनच हे लिहितेय.

रागावलास तरी पत्र थांबवू नकोस.

चिमणी

•

१४ एप्रिल

चि. चिमणीस,

दादाचे आशीर्वाद. घेशील ना?

तुझं पत्र मिळालं. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या मागे गेलो. सात नंबर तिथे ताडपत्रीखाली ठेवली आहे. पोलिसांचा माणूस होता, त्याला सांगितलं की मी फक्त उघडून बघतो, तूही बघ. मागचं डावं चाक काढलं, ड्रम ओढला. आत ज्या आसावर ब्रेकची पट्टी फाकते त्याचं बुश, ती आधाराची गोल कडी, झिजून पार लंबगोल झालेलं. बोट घातलं तर बोट फिरत होतं. आणि ते स्वतः आवळणारं यंत्र, त्याचे आतले दाते गुळगुळीत झालेले. त्याच्या बोल्टवर माझ्या पान्याचे ओरखडे, एकावर एक तीन थर. उजवीकडचं उघडलं, तेही त्याच वाटेवर.

एवढंसं बुश, चिमणे. बदलायला एक दुपार लागली असती. पोलिसवाला विचारत होता की काय झालं, आणि मी त्याच्यासमोर चाकाला टेकून रडलो. तो बिचारा इकडे तिकडे बघत राहिला.

तिथूनच दवाखान्यात गेलो. गवई खाटेवर, पाय वजनाने टांगलेला. मी त्याला सगळं सांगितलं. माझा हात चुकला, तुझा पाय बरोबर होता, असं चारचौघांत मोठ्याने म्हणालो. मला माझाच आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे वॉर्डभर ऐकू गेलं असणार. मग तो भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बोलत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही. मान हलवत राहिलो. त्याला पुन्हा सांग म्हणायची मला लाज वाटली. शेवटी त्याने माझा हात धरला, एवढं कळलं.

दहा तारखेला अधिकारी बाई आल्या. मी तक्रारवही समोर ठेवली. लाल शाईत तीन वेळा ‘पेडल खोल जातं’ आणि खाली तीन वेळा माझं ‘आवळले’. त्यांनी विचारलं की हे आवळू नये हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का. मी म्हटलं, पुस्तक आलं होतं, मी उघडलं नाही. मला वाटायचं, ज्याला हाताने येत नाही तो पुस्तक वाचतो. त्यांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वर्कशॉपांतले पाच फिटर आपणहून साक्षीला आले. सगळे हेच करतात, पासिंगच्या आदल्या दिवशी तर हमखास. आणि मॅनेजर म्हणतो, ड्रम उघडू नका असं मी कधी म्हणालोच नाही. म्हणाला होता. पण मीही त्याच्याशी भांडलो नव्हतो, आवळून मोकळा झालो होतो.

मी काम सोडलं. काढायच्या आधीच सोडलं. वहिनी ताटात एक पोळी जास्त वाढते, झालं.

तुझं पत्र फाडलं त्याचं फार वाईट वाटतं. ‘ज्याने मला मोजायला शिकवलं’ हे तुझं वाक्य त्यात होतं. आता तू तसं पुन्हा लिहिणार नाहीस, आणि लिहूही नकोस.

उत्तर लिही. दोन ओळी लिही, पण लिही.

दादा

•

३ जून

गवईकाका यांस,

सा. न. वि. वि.

खरं म्हणजे तुम्हाला पत्र लिहायला मला तोंडच नाही. तरी लिहिते. दादाकडून कळलं की कुबड्या घेऊन अंगणापर्यंत जाता. चौकशीचा निकाल तुम्हाला मिळालाच असेल. तुमचा काही दोष नाही, गाडी खडीत घातल्यामुळे बाकीचे वाचले, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तुमच्यावरचा खटला मागे घेतला. तो कागद मी दहादा वाचला. त्यात माझं आणि दादाचं काय लिहिलंय तेही वाचलं. त्यातला एकही शब्द खोटा नाही.

मला परत कामावर घेतलं आहे, पण सहीचा अधिकार काढून घेतला आहे. मी आता नवे फॉर्म तयार करते. नियम आले आहेत. ज्या वर्कशॉपात तपासनिसाचं नात्याचं माणूस असेल तिथल्या गाडीला त्या तपासनिसाने हात लावायचा नाही. खड्डा कोरडा नसेल तर त्या दिवशी पासिंग बंद. स्वतः आवळणारा ब्रेक पान्याने आवळलेला दिसला की गाडी तिथेच थांबवून ड्रम उघडायचा. आणि सगळ्यांत आधी ड्रायव्हरला बसवून विचारायचं, त्याची तक्रारवही वाचायची, मग गाडीकडे जायचं. हा शेवटचा नियम मी हट्टाने घालायला लावला. पंपही दुरुस्त झाला. एवढ्यासाठी एक बाई जावी लागली, असा विचार येतो आणि मग हातातलं काम थांबतं.

तुम्ही खिडकीशी उभे होतात आणि मी हाताने पुढे जा म्हटलं. तो हात मला रोज दिसतो. माफी मागते, पण तुम्ही ती दिलीच पाहिजे असं नाही.

एक विनंती आहे. २० तारखेपासून इथे ड्रायव्हर आणि नव्या तपासनिसांची एकत्र शाळा भरते आहे. पेडलखाली काय जाणवतं, ते कसं सांगायचं, कुणी हसलं तरी कसं सांगत राहायचं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुम्ही याल का? गाडी पाठवते. हळू आणतील.

तुमची अपराधी,
चिमणी

•

११ जून

चिमणीताई यांस,

गवयाचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र मिळालं. एवढं मानाने मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तीनदा वाचलं आणि तीनदा वाईट वाटलं.

माफीचं म्हणाल तर तुमच्यावर माझा राग होता, खोटं कशाला बोलू. तुम्हा भावाबहिणीची पत्रं मीच खिशात घालून न्यायचो-आणायचो. तुमचा एकमेकांवर एवढा जीव, एवढा भरवसा, की मधल्या माणसाला विचारायचं राहूनच गेलं. पण दादा वॉर्डात येऊन ओरडून चूक कबूल करून गेले तेव्हा तो राग संपला. तुम्ही नोकरीची पर्वा केली नाहीत, तेही मला माहीत आहे.

शाळेला यायचं म्हणता. येण्याआधी तुम्हाला एक गोष्ट कळली पाहिजे. ती चौकशीच्या कागदात नाही. कुणी विचारली नाही आणि मी सांगितली नाही. दादांना मी त्या दिवशी खाटेवरून सांगितली होती. ते मान हलवत होते, म्हणून मला वाटलं की त्यांनी ऐकलं. नंतर कळलं, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही.

उताराच्या वर जिथे जड गाड्यांनी थांबून ब्रेक बघायचे अशी पाटी आहे, तिथे मी त्या सकाळी थांबलो होतो. पेडल दाबलं. खोल गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा गेलं. खाली उतरलो, चाकाजवळ वाकून पाहिलं, दादांचा ठिपका दिसला. वर येऊन बसलो. मला सगळं कळत होतं, ताई. गाडी तिथेच उभी करून दुसरी मागवायची, एवढंच करायचं होतं. पण तीन वेळा सगळे हसले होते. चौथ्यांदा हसतील, म्हातारा पाय म्हणतील, हेच डोक्यात घोळत राहिलं.

त्या नर्सबाई माझ्या मागच्याच बाकावर होत्या. मी दोनदा पेडल दाबलेलं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं की गाडीत काही बिघाड आहे का, असेल तर मी इथेच उतरते, मागच्या गाडीने येईन. त्या उभ्या राहिल्या होत्या. खांद्याला पिशवी लावली होती, एक पाय पायरीवर होता. मी त्यांना म्हणालो की निश्चिंत बसा बाई, गाडी मोठ्या हुशार माणसाने तपासलीय आणि त्याच्या बहिणीने पास केलीय. त्या हसल्या आणि परत बसल्या.

हे सर्वांसमोर सांगायची परवानगी असेल तर मी येतो. नसेल तर मला बोलावू नका. दुसरं काही शिकवण्यासारखं माझ्यापाशी नाही.

उत्तराची वाट बघतो आहे.

आपला,
गवई